टाकीपर्यंत दोघंच

“दिवेलागणीला जेवण आटपायचं. आणि जेवल्यावर दोघांनी चालायचं. दोघांनी म्हणजे दोघांनीच. हातात फोन नको, तोंडात तक्रार नको आणि बरोबर तिसरं माणूस नको.”

वैद्यबाईंचा हा आवाज सूनबाईच्या कानात असा बसला होता, की भांडी विसळताना नळाच्या धारेतूनही तो ऐकू यायचा. बाई तशा हळू बोलणाऱ्या. पण त्या हळू बोलण्यातच असं काही होतं, की समोरचा माणूस आपोआप पाठ ताठ करून बसे.

त्यांनी आधी मोठ्या दवाखान्यातले सगळे कागद चष्मा पुसून पुसून पाहिले होते. “डॉक्टर म्हणाले ते बरोबर आहे. दोष दोघांतही नाही. आहे ती नुसती घाई. हे बघा, पीक यायला चार गोष्टी लागतात. हंगाम, जमीन, पाणी आणि बी. तुमच्याकडे चारही आहेत. पण शेतकरीच रोज सकाळी माती उकरून बघायला लागला, कोंब आला का, कोंब आला का, तर बिचारा कोंब यायचा कसा?”

मग त्यांनी तिला शतावरीचं चूर्ण दिलं, त्याला अश्वगंधेचं. दोन्ही कोमट दुधातून घ्यायची. अंघोळीआधी अंगाला तेल, रात्री वेळेवर झोप, डबा गाडीत बसून खायचा नाही आणि रागवायचं नाही.

“रागवायचं नाही?” नवरा घाबरून म्हणाला. “बाई, मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो.”

“मग तर मुळीच नाही.”

त्याचे शिकाऊ लोक त्याला ब्रेकसर म्हणायचे. शिकवण्याच्या गाडीत त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक होता आणि दिवसभर तो दाबून दाबून त्याच्या उजव्या पायाला अशी सवय लागली होती, की घरी जेवताना कुणी घाईने वाटी पुढे सरकवली तरी पाय टेबलाखाली फरशी दाबायचा. त्या दिवशी वैद्यबाईंच्या समोरही त्याने फरशी दाबली. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, “शब्द देतो. रोज चालू. दोघंच.”

“आणि घरी कुणाला सांगायचं नाही,” जिना उतरताना सूनबाईने त्याच्याकडून दुसरा शब्द घेतला. त्याला कारण होतं. मागे ती दोघं दवाखान्यात गेल्याचं आळीत कळलं, तेव्हापासून तिने एक घास कमी खाल्ला तरी चार भुवया वर जायच्या. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. लोकांच्या नाकावर फ्रेम नीट बसवायची, काड्या कानामागे वळवून द्यायची. लोकांच्या डोळ्यांची तिला सवय होती. पोटावर खिळणाऱ्या डोळ्यांची नव्हती. आता तिला कुणाची आशा नको होती, कुणाची दया नको होती. तिला हवा होता तो रोजचा एवढासा रस्ता, आणि त्यावर तो.

पुड्या तिने स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर, रिकाम्या बरण्यांच्या मागे लपवल्या. दूध मात्र नेहमी नेमकं कोमट मिळायचं. चटका बसेल इतकं कढत नाही, गार नाही. तिला वाटायचं, पातेलंच गुणाचं आहे.

पहिली संध्याकाळ तर इतकी छान गेली, की तिने मनातल्या मनात देवापुढे हात जोडले. घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, टाकीला वळसा घालायचा आणि परत. टाकीच्या आधी थोडा चढ. चढावर तिचा श्वास लागला तर तो थांबायचा, आणि थांबल्यावर एखादी गोष्ट सांगायचा. त्या दिवशी एका शिकाऊ आजोबांची सांगितली. त्यांनी चौकात ब्रेक दाबायच्या ऐवजी मोठ्याने गाडीला “हो हो हो, थांब!” असं सांगितलं होतं म्हणे.

“मग थांबली?”

“थांबली ना. मी होतो शेजारी. पण आजोबांना वाटतंय, ऐकलं तिने त्यांचं.”

ती टाकीच्या कठड्याला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. किती दिवसांनी हसतोय आपण, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं आणि दोघंही एकदमच गप्प झाली. तेही छान होतं.

घरी परतल्यावर दारातच सासरे उभे.

सासरे शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आळी त्यांना कवायतमास्तरच म्हणायची. जिन्यातून दोन माणसं एकामागोमाग उतरताना दिसली, तरी “डावा पाय आधी!” असं त्यांच्या तोंडून जायचंच.

“कुठे गेला होतात रे?”

मुलाला खोटं बोलता यायचं नाही. खोटं बोलायला लागला की त्याचे कान आधी लाल व्हायचे. “जरा… चालायला. पचनासाठी.”

“पचनासाठी!” मास्तरांचा चेहरा दिवा लागावा तसा उजळला. “अरे, जन्मभर मी हेच सांगत आलो, कुणी ऐकलं नाही. आज माझा मुलगा आपणहून चालायला गेला! उद्यापासून मीही येतो.”

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याचा पाय फरशी दाबत होता. पण नको म्हणायचं तर कारण सांगायला हवं, आणि कारणालाच तर कुलूप लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून तयार. गळ्यात शिट्टी. वरच्या मजल्यावरच्या टायपिंगकाकूंनी खिडकीतून विचारलं, “मास्तर, शाळा पुन्हा सुरू झाली की काय?”

“चालायला निघालोय! तुमचे गुडघे घेऊन खाली या!”

काकू गुडघे घेऊन खाली आल्या. सगळी हयात त्यांनी मुलींना टायपिंग शिकवण्यात घालवली होती, त्यामुळे त्यांचं बोलणंही तसंच. एक ओळ संपली, की झर्रकन दुसरी सुरू. कोपऱ्यावर विमेकाका भेटले. ते म्हणाले, “मीही येतो, चालता चालता तुमच्या मुलाशी एका योजनेबद्दल बोलायचंय.” आठवडा संपायच्या आत आळीतली आणखी मंडळी जमली. टाकीकडे निघालेली दोन माणसं बघता बघता मिरवणूक झाली.

आणि मिरवणूक झाल्यावर मास्तरांमधला मास्तर जागा झाला. पुरुषांची पावलं लांब, म्हणून पुरुष पुढे. बायकांची पावलं आखूड, म्हणून बायका मागे. मध्ये दोन हातांचं अंतर. रांग मोडली की शिट्टी.

म्हणजे वैद्यबाईंनी ज्या दोघांना एकत्र चालायला सांगितलं होतं, त्यातला एक रांगेच्या शेंड्याला आणि दुसरी बुडख्याला. पुढून विमेकाकांचा आवाज यायचा, “समजा, उद्या तुम्ही नसलात…” आणि मागे काकू सांगायच्या, त्यांच्या भाचीच्या नणंदेचं भांडण कशावरून सुरू झालं. टाकीच्या चढावर सूनबाईचा श्वास लागायचा, पण थांबायची सोय नव्हती. थांबलं की शिट्टी.

एकदा रांग वळताना दोघं क्षणभर समोरासमोर आली.

“जेवलीस ना नीट?” त्याने घाईघाईने विचारलं.

“अहो, आपण एकाच पातेल्यातलं वाढून घेतलं की मघाशी!”

तेवढ्यात शिट्टी. संवाद संपला.

घरात या सगळ्यातून बाहेर होत्या त्या फक्त सासूबाई. त्यांचा एक नेम होता. जेवणं झाली, की आतल्या खोलीत डोळे मिटून जपाला बसायच्या आणि जप होईपर्यंत ओठांतून दुसरा शब्द काढायच्या नाहीत. एकदा स्वयंपाकघरातला नळ तुटून पाणी त्यांच्यापर्यंत आलं, तेव्हाही त्यांनी नुसते पाय वर घेतले होते. मास्तर रोज दारातून विचारायचे, “येतेस का गं?” आणि आतून नुसतं ओठांचं हलणं.

पुढचा घोळ चूर्णाने केला. एका सकाळी मास्तरांनी मुलाला दुधात काहीतरी ढवळताना पकडलं.

“काय रे ते?”

कान लाल. “ताकदीसाठी आहे, बाबा.”

संध्याकाळी चढावर तो सगळ्यांच्या पुढे गेला. त्याला विमेकाकांपासून पळायचं होतं, बाकी काही नाही. पण मास्तरांनी अभिमानाने सांगून टाकलं, “चूर्ण घेतो तो. वैद्यबाईंकडचं. बघा चाल!”

त्याचा परिणाम सूनबाईला कळला तो चूर्ण संपल्यावर, दोघं वैद्यबाईंकडे गेली तेव्हा. बाई खलात काहीतरी कुटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुमची आळी येऊन गेली.”

“आळी?”

“एक विमेवाले गृहस्थ आले होते. म्हणाले, ते गाडी शिकवणारे घेतात तेच द्या. मी विचारलं, घरी कोण कोण असतं? म्हणाले, मी, ही, आणि दोन नातवंडं. मी म्हटलं, मग आता आणखी कशाला?”

नवऱ्याचे कान इतके लाल झाले, की खोलीत उजेड पडला असता.

“घाबरू नका. तुमचं मी कुणाला काही बोलले नाही, बोलणारही नाही. त्यांना पोट साफ राहायचं चूर्ण दिलं. त्यांच्या मागोमाग एक टायपिंगवाल्या बाई आल्या, त्यांना गुडघ्याचं तेल दिलं. पण मला एक सांगा.” बाईंनी बत्ता खाली ठेवला. “मी दोघांना चालायला सांगितलं होतं. तुम्ही शाळेची सहल कशी काढलीत?”

सूनबाईने सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज ओला झाला. “बाई, मी औषध एकदाही चुकवलेलं नाही. पण चालणं… तेवढंच माझं होतं हो. तेच गेलं.”

वैद्यबाईंनी बांधून ठेवलेल्या पुड्या उचलल्या आणि परत कपाटात ठेवल्या.

“अहो बाई!” नवरा म्हणाला.

“अर्धं औषध कपाटात आहे आणि अर्धं रस्त्यावर. एक अर्धं तुम्ही टाकून दिलंत, मग दुसरं देऊन काय करू? आधी दोघं चालून या. मग पुड्या न्या.”

“आजच चालतो,” नवऱ्याने पुन्हा छातीवर हात ठेवला. या वेळी हात जरा जास्तच जोरात आपटला.

त्या संध्याकाळी त्यांनी बेत केला. तिने घरी सांगितलं, दुकानात एका गिऱ्हाइकाचा चष्मा तातडीने द्यायचाय, उशीर होईल. त्याने सांगितलं, तिला आणायला जातो. दुकानापाशी भेटायचं, डब्यातलं तिथेच खायचं, मागच्या बोळाने टाकीकडे जायचं आणि मंडळी नेहमीच्या रस्त्याने येईपर्यंत परत फिरायचं. बेत अगदी चोख होता. फक्त नेहमीचा रस्ता त्या दुपारी नळ टाकायला खणला होता, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

टाकीपाशी पोहोचेपर्यंत सूनबाईच्या मनात साचलेलं सगळं वर आलं. “तोंडात तक्रार नको,” वैद्यबाईंचा आवाज कानात म्हणालासुद्धा. पण कानातलं तोंडापर्यंत पोहोचलं नाही.

“चोरासारखं चालावं लागतंय मला, तेही स्वतःच्या नवऱ्याबरोबर! वडिलांना एवढंसं सांगता येत नाही तुम्हाला? शब्द दिला होतात तुम्ही, शब्द!” तिचं बोट हवेत होतं. त्याची मान खाली होती. पाय रस्ता दाबत होता.

आणि बोळाच्या वळणावर शिट्टी वाजली.

सबंध मिरवणूक जागच्या जागी थांबली. काकूंच्या मात्र ओळी जुळायला लागल्या होत्या. रोज हा पुढे, ती मागे. एकमेकांशी चकार शब्द नाही. चढावर तिचा श्वास दाटून येतो. आज दोघं घरी खोटं सांगून निघतात, आणि इथे हे बोट, ही मान, हे ‘शब्द दिला होतात’!

“अरे देवा,” काकू हळूच म्हणाल्या. “यांचं बिनसलंय.”

अर्ध्या तासात सगळे मास्तरांच्या बाहेरच्या खोलीत बसलेले. दोघांना मधल्या बाकावर बसवलेलं. मास्तर इतके गंभीर होते, की शिट्टी सदऱ्याच्या आत गेली होती.

“सांग. काय झालंय तुमच्यात?”

“काही नाही, बाबा.”

“काही नाही म्हणून रस्त्यात रडतात?”

“मी रडत नव्हते, रागावले होते,” सूनबाई म्हणाली. त्याने काही बरं झालं नाही.

विमेकाका खाकरले. “संसारात धोके येतातच. आधीच तरतूद केलेली बरी असते.”

“तुम्ही थांबा हो,” काकूंनी त्यांना गप्प केलं. “हे बघ पोरी, मोकळेपणाने बोल. आम्ही काय परके आहोत?”

सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते. नेमके हेच डोळे तिला नको होते. नवऱ्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला ते सहन होईना. त्याने दीर्घ श्वास घेतला. “त्याचं असं आहे… आम्ही वैद्यबाईंकडे…”

तिने त्याच्या पायावर पाय ठेवला. दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

“भांडण-बिंडण काही नाहीये.”

आवाज आतून आला होता. मास्तरांनी आधी खोलीभर पाहिलं, कारण त्या वेळेला तिकडून आवाज येतो हेच त्यांना माहीत नव्हतं. दारात सासूबाई उभ्या होत्या. जप अर्धा सोडून.

“तू बोललीस!” मास्तर म्हणाले.

“बोलले. देव समजून घेईल, तुम्ही घेत नाही म्हणून बोलावं लागलं.” त्या शांतपणे येऊन नवऱ्यासमोर बसल्या. “तुम्ही रोज मला विचारता ना, येतेस का चालायला? उद्यापासून येते.”

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मुलाचं भांडण, सुनेचे अश्रू, सगळं क्षणभर विसरले ते. “खरंच?”

“पण मला टाकीचा चढ झेपत नाही. आपण सगळ्यांनी बाजाराच्या अंगाने जायचं. आणि रांग नको. ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्याने त्याच्याबरोबर चालावं. तुम्ही माझ्याबरोबर.”

“मग पुढे कोण?”

“कुणी नाही. शर्यत आहे का?”

“आणि शिट्टी?”

“शिट्टी माझ्याकडे द्यायची.”

काकूंना टाळी वाजवावीशी वाटली, पण प्रसंग गंभीर होता म्हणून त्यांनी पदर सारखा केला. “आणि ही दोघं?”

“ती येतील मागून, घराला कुलूप लावून. आमच्या दाराची कडी बसायला फार वेळ लागतो.”

“कडी? अगं, ती तर मी कालच… थांब, मी दाखवतो कशी…”

“अहो.” सासूबाईंचा आवाज आणखी हळू झाला. “आपलं नवीन नवीन लग्न झालं होतं. आपण दोघं जेवून चालायला निघायचो. आठवतंय, आपल्या मागून कोण यायचं?”

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग सुनेकडे, मग आपल्या पांढऱ्या बुटांकडे. आणि मुलाचे कान कुणावर गेले होते, ते त्या दिवशी सगळ्या आळीने पाहिलं. त्यांनी सदऱ्यात हात घालून शिट्टी काढली आणि मुकाट्याने बायकोच्या हातात ठेवली.

“आई यायची,” ते पुटपुटले. “रोज यायची.”

दुसऱ्या दिवशी जेवणं दिवेलागणीलाच झाली. खाली मंडळी जमल्याचा गलका ऐकू येत होता. सूनबाई स्वयंपाकघरात गेली तर सासूबाई शेगडीपाशी वाकून पातेल्याला बाहेरून हात लावून बघत होत्या. मग त्यांनी आच बंद केली.

सूनबाई दारातच थांबली. “आई, दूध… रोज तुम्ही…?”

“मग काय आपोआप कोमट राहतं?” सासूबाई वळल्या नाहीत. “वरच्या फळीवरच्या बरण्या महिन्याला धुते मी. शतावरी वासावरून ओळखते. मीही घेतलीय ती, हा व्हायच्या आधी.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलली नाहीस, मग मी कशाला?” त्यांनी पदराला हात पुसले. “अगं, त्या वेळी माझ्या सासूबाई मागून चालायच्या. माणूस फार मायेचं. पण रोज माझ्या पाठीवर त्यांचे डोळे. तेव्हाच मी देवाला शब्द दिला होता, माझी सून येईल तेव्हा तिच्या मागे मी चालणार नाही. म्हणून तुमच्या लग्नापासून जेवल्यावर जपाला बसायला लागले. म्हटलं, घरात डोळे मिटूनच बसलेलं बरं. ह्यांच्याही डोळ्यांना आपणच आवरायला हवं होतं, ते राहूनच गेलं बघ.”

“आणि आता तुमचा जप?”

“चालता चालता होईल. देवाला कुठे रांगेत उभं राहायचंय?”

सूनबाई वाकून सासूबाईंच्या पायातल्या बुटाची नाडी बांधायला लागली. ते मास्तरांचेच जुने कॅनव्हासचे बूट होते, पुढे कापूस कोंबून बसवलेले. तिने गाठ घट्ट मारली, मग हलकेच जरा सैल केली, कानामागची काडी बसवावी तशी.

“चावतात का, आई?”

“नाही गं. ऊठ आता.”

सासूबाई खाली उतरल्या आणि थोड्या वेळाने शिट्टी वाजली. एकदाच, आणि तीही अगदी हळू, विचारून वाजवल्यासारखी. गलका बाजाराच्या दिशेने सरकला. विमेकाकांचा आवाज आला, “समजा, मास्तर, उद्या तुम्ही…” आणि त्यावर मास्तरांचा, “उद्याचं उद्या! मी आत्ता हिच्याशी बोलतोय.”

नवऱ्याने फोन फळीवर, रिकाम्या बरण्यांच्या शेजारी ठेवला. दोघं बाहेर आली. दाराची कडी एका झटक्यात बसली. तरी त्याने ती काढली आणि पुन्हा सावकाश बसवली, आईचं बोलणं खरं व्हावं म्हणून. मग जिना उतरून दोघं टाकीच्या बाजूला वळली.